पडद्यावर लावून पाहिलेला चष्मा
फ्रेम लावून पाहिल्याशिवाय चष्मा घ्यायचा नाही, हा ग्राहकांचा जुना रिवाज इंटरनेटवरील विक्रीला अडथळा ठरला. सुरुवातीला संकेतस्थळे ग्राहकाच्या छायाचित्रावर फ्रेमचे सपाट चित्र बसवत. त्यात बाजूने चेहरा दिसत नसे. २००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी चित्रातील चेहरा झटपट शोधणारी पद्धत मांडली आणि वेबकॅमवर चेहऱ्याचा माग काढणे सोपे झाले. २००६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ परिसरात स्थापन झालेल्या फिटिंगबॉक्स या कंपनीने फ्रेम त्रिमितीत दाखवण्यावर भर दिला. २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली वॉर्बी पार्कर ही चष्मा कंपनी मात्र लावून पाहण्यासाठी ५ फ्रेम घरी पाठवत असे.

खरा प्रश्न मापाचा होता. साध्या कॅमेऱ्याला जवळचा लहान आणि लांबचा मोठा चेहरा सारखाच दिसतो. म्हणून ठरावीक आकाराचे बँक कार्ड चेहऱ्याजवळ धरून बुबुळांमधले अंतर काढण्याची युक्ती आली. २०१७ च्या आयफोन टेनने अवरक्त प्रकाशाचे ३०,००० हून अधिक ठिपके टाकून चेहऱ्याचे चढउतार मोजले. २०१९ मध्ये वॉर्बी पार्करने त्याच आधारावर फ्रेम आभासी रीतीने लावून पाहण्याची सोय ॲपमध्ये आणली. फ्रेमचे वजन आणि नाकावरची बैठक मात्र अजूनही प्रत्यक्ष लावल्यावरच कळते.