‘बुडाला’ कीं ‘बुडतांना’?

नदीकांठचा साक्षीदार इंग्रजींत ‘आय सॉ हिम ड्राउन’ म्हणाला, तर तो मनुष्य गेला असें समजावें. ‘आय सॉ हिम ड्राउनिंग’ म्हणाला, तर कोणी त्याला वर काढलेंहि असेल. जीवितमरणाचा हा भेद एवढ्याशा प्रत्ययावर उभा आहे, आणि त्याचें मूळ फार जुनें आहे.

१०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वींच्या इंग्रजींत पाहण्याऐकण्याच्या क्रियापदांमागून ‘अन्’ प्रत्ययान्त क्रियारूप येई, तसेंच ‘एंडे’ प्रत्ययान्त वर्तमानकालवाचक धातुसाधितहि येई. पुढील चारेक शतकांत ‘अन्’ झिजून नुसता धातु उरला. ‘एंडे’ची जागा ‘इंग’नें बळकावली. उघड्या पडलेल्या धातूमागें ‘टू’ हें अव्यय बहुतेक ठिकाणीं येऊन बसलें. ‘सी’ नि ‘हिअर’ यांच्या दारीं मात्र त्याला फारसा शिरकाव मिळाला नाहीं. शाळकरी मुलें तें तेथेंहि घुसडतात, आणि पूर्वीं त्यापायीं छडीहि खात! मराठी मुलांच्या जिभेवर तर ‘बुडतांना पाहिलें’ हा सांचा बसलेला. त्यामुळें बुडून गेलेल्यालाहि तीं ‘ड्राउनिंग’च करतात.

कर्मणि प्रयोगांत मात्र हांकललेला ‘टू’ परत येतो: ‘ही वॉज सीन टू फॉल’. ‘इंग’ तेथेंहि जशाचा तसा राहतो: ‘ही वॉज सीन फॉलिंग’.