पिनबॉल : नशिबाकडून हातांकडे

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाला पश्चिमेकडून लागूनच एल्क ग्रोव्ह व्हिलेज आहे. बाहेरून पाहिलं तर नुसती गोदामं, बसके कारखाने आणि मालाच्या ट्रकांची ये-जा. पण जगात आज नव्याने तयार होणाऱ्या पिनबॉल यंत्रांपैकी बरीचशी इथूनच बाहेर पडतात. स्टर्न पिनबॉलचा कारखाना इथे आहे आणि जर्सी जॅक पिनबॉलचाही इथेच.

मी मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की ते आधी कान देऊन ऐकायचे, मग पाना उचलायचे. ती सवय माझ्यात उतरली आणि लग्नानंतर माझ्याबरोबर इलिनॉयला आली. सुट्टीच्या दिवशी मी ओळखीतल्या लोकांची जुनी पिनबॉल यंत्रं दुरुस्त करते. रिलेचे पॉइंट घासायचे, जळालेली कॉइल बदलायची, गोळी टोलवणारे, थकलेले फ्लिपर पुन्हा जोरात उडायला लावायचे. यंत्र उघडून बसलं की एक गोष्ट दर वेळी नव्याने पटते. या खेळाचा इतिहास म्हणजे खेळणाऱ्याच्या हाती थोडं थोडं जास्त देत जाण्याचा इतिहास आहे, आणि ते देणारा माणूस दर टप्प्यावर नावानिशी दाखवता येतो.

सुरुवात झाली तेव्हा हातात जवळजवळ काहीच नव्हतं. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये बागातेल नावाचा टेबलावरचा खेळ होता. त्यात काठीने गोळी ढकलून खळग्यात घालायची. आपल्याकडे खिळे ठोकलेली, बाजूला स्प्रिंग असलेली गोट्यांची लाकडी फळी अनेक घरांत असायची, ती त्याच घराण्यातली. ही स्प्रिंग आली 1871 साली. मूळ इंग्लंडचे, पण अमेरिकेत सिनसिनाटीला स्थायिक झालेले मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी बागातेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. स्प्रिंगवर चालणारा प्लंजर ही त्यातली मुख्य गोष्ट. तोच प्लंजर आजही यंत्राच्या उजव्या कोपऱ्यात असतो.

धंदा म्हणून पिनबॉल उभा राहिला तो महामंदीत. 1931 साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी बॅफल बॉल हे काउंटरवर ठेवण्याजोगं यंत्र काढलं. किंमत साडेसतरा डॉलर. एक पेनी टाकली की मूठभर गोळ्या मिळायच्या. नोकरी गेलेल्या माणसालाही तेवढी करमणूक परवडत होती. सुमारे 50,000 यंत्रं खपली. मागणी इतकी होती की ती यंत्रं विकणाऱ्या रेमंड मोलोनी यांनी पुढच्याच वर्षी स्वतःचं बॅलीहू हे यंत्र आणलं, आणि त्यावरूनच बॅली कंपनीला नाव मिळालं. लाकूडकाम, नाण्यांवर चालणारी यंत्रं आणि वीजजोडणी यांचे कारागीर शिकागोत एकत्र मिळत. रेल्वेने माल चारी दिशांना जाई. म्हणून हा धंदा इथे रुजला तो कायमचाच.

या यंत्रांत वीज खेळवली ती हॅरी विल्यम्स यांनी. 1933च्या कॉन्टॅक्ट या यंत्रात त्यांनी सोलेनॉइड, म्हणजे विजेने दांडा उडवणारी कॉइल, बसवली आणि गोळी खड्ड्यातून आपोआप उसळून पुन्हा खेळात येऊ लागली. लोक यंत्र हलवून, उचलून गोळी हवी तिकडे नेत. त्यावरचा उपायही त्यांचाच. धातूच्या कड्यात एक लंबक टांगायचा. यंत्र फार हललं की लंबक कड्याला टेकतो, वीजमंडल पूर्ण होतं आणि डाव बाद. हीच टिल्टची यंत्रणा. यातली खुबी अशी की थोडं हलवायला परवानगी राहते. लंबक किती खाली-वर लावायचा ते मी आजही हातानेच ठरवते, आणि तेवढ्या फरकाने खेळाचा स्वभाव बदलतो.

तरीही 1930च्या दशकातला पिनबॉल मुख्यतः नशिबाचाच होता. गोळी सोडली की खिळ्यांच्या आणि बंपरच्या मर्जीवर. काही यंत्रं पैसे परत देत, म्हणजे उघड जुगारच. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी जानेवारी 1942 मध्ये पिनबॉलवर बंदी आणली. पोलिसांनी हजारो यंत्रं जप्त केली आणि महापौरांनी छायाचित्रकारांसमोर स्वतः हातोडा चालवला. लॉस एंजेलिसमध्ये त्याआधीच बंदी होती. खुद्द शिकागोतही ती होती आणि 1970च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. ज्या शहरातले कामगार ही यंत्रं जुळवून साऱ्या देशाला पाठवत, त्याच शहरात ती खेळणं बेकायदा होतं. जुन्या कारखान्यांच्या छायाचित्रांत कापडी वेष्टणाच्या तारांच्या जुड्या बांधणाऱ्या बायका रांगेने बसलेल्या दिसतात. एकेका यंत्रात अशा शेकडो तारा, आणि प्रत्येक जोड हाताने दिलेला. यंत्र उघडते तेव्हा त्यांचं काम माझ्या हाताखाली असतं. इतक्या वर्षांनंतरही ते टिकून आहे याचं मला मोल वाटतं.

बंदीच्याच काळात खेळाचं रूप पालटलं. 1947 साली गॉटलिबसाठी हॅरी मॅब्स यांनी हम्प्टी डम्प्टी हे यंत्र बनवलं. त्यात विजेवर चालणारे सहा फ्लिपर होते, तिन्ही जोड्या कडेला. बटण दाबलं की गोळी परत वर मारता येत होती. दुसऱ्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कोर्डेक यांनी ट्रिपल अ‍ॅक्शनमध्ये सहाऐवजी दोनच फ्लिपर ठेवले, पण ताकदीचे, आणि अगदी खाली, गोळी निसटून जाते त्या तोंडाशी. खर्च वाचवणं हा त्यांचा एक हेतू होता. मात्र त्या काटकसरीतून पिनबॉलचा आजचा घाट ठरला. हे कोर्डेक 1937 साली पावसाचा आडोसा घ्यायला जेन्कोच्या इमारतीत शिरले होते. कुणीतरी विचारलं, काम हवंय का, आणि ताशी 45 सेंटवर ते सोल्डरिंगला लागले. पुढे अनेक दशकं त्यांनी यंत्रं रचली आणि 2012 साली शंभर वर्षांचे होऊन ते गेले. माझ्या मते या खेळाच्या इतिहासात त्यांच्याइतका दूरवर पोचलेला निर्णय दुसऱ्या कुणाचा नाही.

फ्लिपर आले तरी कायदा जुन्याच यंत्रांच्या आठवणीवर चालत होता. एप्रिल 1976 मध्ये रॉजर शार्प हे तरुण पत्रकार न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीसमोर दोन यंत्रं घेऊन उभे राहिले. पहिल्या यंत्रात काही चलाखी असेल अशी शंका आली म्हणून त्यांना राखीव यंत्रावर, गॉटलिबच्या बँक शॉटवर, खेळायला लावलं. प्लंजर ओढण्यापूर्वी शार्प यांनी जाहीर केलं की गोळी वरच्या मधल्या वाटेनेच खाली येईल. ती आली. बंदी उठली. हे यंत्र खेळणाऱ्याच्या हाताचं ऐकतं, एवढं एका फटक्याने सिद्ध झालं.

त्यानंतर रिलेच्या जागी मायक्रोप्रोसेसर आला आणि डिझायनरला कथा सांगायची सोय झाली. 1979 साली विल्यम्स कंपनीचं गॉर्गर चक्क बोलू लागलं. स्टीव्ह रिची यांनी 1980 मध्ये ब्लॅक नाइट रचलं ते दुमजली पटाचं, शिवाय निसटती गोळी चुंबकाने धरायची सोय. कॅलिफोर्नियात भरधाव गाडी चालवताना पोलिस त्यांच्या मागे लागले होते. त्या अनुभवावरून त्यांनी 1986चं हाय स्पीड रचलं. सिग्नलचा लाल दिवा मोडायचा, पाठलाग सुरू होतो, आणि निसटलात तर मल्टिबॉल, म्हणजे एकाच वेळी अनेक गोळ्या खेळात. रिचींच्या यंत्रात एका रॅम्पवरून उतरलेली गोळी थेट पुढच्या फटक्यासाठी फ्लिपरवर येते. खेळणारा त्या वेगात वाहत जातो.

पॅट लॉलर यांची तऱ्हा वेगळी. ते खेळणाऱ्याला थांबवून चकित करतात. 1990च्या व्हर्लविंडमध्ये यंत्राच्या डोक्यावर पंखा आहे, वादळ आलं की तो तोंडावर वारा सोडतो. त्याच वर्षीच्या फनहाउसमध्ये रूडी नावाचं बाहुल्याचं डोकं डोळे फिरवतं आणि टोमणे मारतं. 1992चं द अ‍ॅडम्स फॅमिली त्यांनी लॅरी डीमार यांच्याबरोबर केलं. त्यात पेटीतून एक हात बाहेर येतो आणि गोळी उचलून नेतो. पटाखालचे चुंबक गोळीची वाट वाकडी करतात. या यंत्राच्या 20,270 प्रती निघाल्या. मायक्रोप्रोसेसरच्या युगात इतकी विक्री दुसऱ्या कुठल्याही पिनबॉलची झाली नाही.

मग उतार लागला. घरोघरी व्हिडिओ गेम आले, आर्केड ओस पडली. गॉटलिबची परंपरा चालवणारी कंपनी 1996 साली बंद झाली. विल्यम्सने पिनबॉल 2000 नावाची शेवटची झेप घेतली. त्यात काचेवर आरशासारखं पडद्याचं प्रतिबिंब पाडलं जाई आणि खरी गोळी चित्रातल्या परग्रहवासीयावर आदळल्यासारखी दिसे. रिव्हेंज फ्रॉम मार्स हे त्यातलं पहिलं यंत्र जॉर्ज गोमेझ यांचं. पण ऑक्टोबर 1999 मध्ये विल्यम्सने पिनबॉलचा विभागच बंद केला. त्याच वर्षी गॅरी स्टर्न यांनी सेगा कंपनीचा पिनबॉल विभाग विकत घेतला होता. त्यांचे वडील सॅम स्टर्न एकेकाळी हॅरी विल्यम्स यांचे भागीदार. पुढची दहाहून अधिक वर्षं मोठ्या प्रमाणावर पिनबॉल बनवणारा हा एकच कारखाना जगात उरला. तो बंद पडला असता तर कॉइल गुंडाळण्यापासून पट रंगवण्यापर्यंतचं सगळं ज्ञान विखुरलं असतं. गॅरी स्टर्न यांचं हे ऋण मोठं आहे.

2011 साली जॅक ग्वार्निएरी यांनी न्यू जर्सीत जर्सी जॅक पिनबॉल काढली (एल्क ग्रोव्हला ती नंतर आली) आणि द विझर्ड ऑफ ओझमध्ये मागच्या उभ्या चित्रकाचेच्या, म्हणजे बॅकग्लासच्या, जागी मोठा रंगीत पडदा बसवला. स्पर्धा परतली. विस्कॉन्सिनमधल्या बेंटन या छोट्या गावात स्पूकी पिनबॉल हा घरचा उद्योग उभा राहिला. गोमेझ आता स्टर्नमध्ये सर्जनशील विभाग सांभाळतात, तर रिची वयाच्या सत्तरीत जर्सी जॅककडे गेले आणि 2023 मध्ये एल्टन जॉनवर यंत्र घेऊन आले.

नव्या पिढीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात कीथ एल्विन. ते आधी स्पर्धांमधले अव्वल खेळाडू. घरी स्वतःसाठी एक यंत्र जुळवलं, त्यातून स्टर्नचं दार उघडलं. आयर्न मेडन 2018चं, जुरासिक पार्क 2019चं, गॉडझिला 2021चं, जॉज 2024चं. गॉडझिलात इमारत मजल्यामजल्याने खचते. पण त्यांची खरी करामत फटक्यांच्या मांडणीत आहे. कडेचा तिसरा फ्लिपर नेमका कुठे असावा, म्हणजे चुकलेल्या फटक्यातूनही चांगल्या खेळाडूला वाट सापडेल, हे ज्याने हजारो वेळा गोळी गमावली आहे त्यालाच कळतं. ब्रायन एडी यांनी 1997 साली मेडीव्हल मॅडनेस रचलं होतं. ते पुन्हा या कामाला लागले आणि स्ट्रेंजर थिंग्ज, मँडलोरियन घेऊन आले. जॅक डेंजर प्रेक्षकांसमोर थेट प्रक्षेपणात पिनबॉल खेळत, 2023 साली त्यांचं फू फायटर्स आलं. आणि लायमन शीट्स यांचं नाव घेतल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. मेडीव्हल मॅडनेस आणि मेटॅलिका यांचे नियम त्यांनी संगणकाच्या भाषेत लिहिले. ते 2022 साली गेले. पिनबॉलचे नियम हेही लेखन आहे, आणि ते त्यातले थोर लेखक होते.

काळजीची गोष्ट एकच. नव्या यंत्राचं साधं मॉडेल साधारण 7,000 डॉलरना पडतं, मर्यादित आवृत्ती 13,000च्या आसपास जाते. म्हणून आज बरीच यंत्रं थेट श्रीमंतांच्या तळघरात जातात. मी अशा तळघरांत काम करते आणि तिथली यंत्रं उत्तम निगेत असतात. पण बॅफल बॉल पेनीवर चाललं आणि शार्प यांचा फटका भर सभेत बसला. अनोळखी माणसाच्या खांद्यावरून त्याचा डाव बघत हा खेळ वाढला. एल्विनसारखे खेळाडूही चारचौघांतल्या यंत्रांवरच तयार होतात. तळघरं हा उद्योग आणखी काही वर्षं चालवतील, पण नवा एल्विन देणार नाहीत.

म्हणून शिकागोला नातेवाइकांकडे येणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे. उंच इमारती बघून झाल्या की एक संध्याकाळ लोगन स्क्वेअरमधल्या लोगन आर्केडला द्या. सोबत मुलं असतील तर आधी वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्या. तिथे एखादं यंत्र निवडा, ते कुणी रचलं हे शोधा, आणि त्याच माणसाचं दुसरं यंत्र लगेच खेळून पाहा. दोन्हींत एकच हात ओळखू येईल. तो ओळखणारे खेळाडू आहेत तोवर एल्क ग्रोव्हमधल्या कारखान्यांना काम राहील.