चित्रकथा आणि भयानक रस

तरुणपणीं शिक्षक असतांना एका विद्यार्थ्याच्या दप्तरांतून खुनांच्या चित्रकथेचें एक पुस्तक मीं जप्त केलें. मुलाला उपदेश केला. पुस्तक मात्र घरीं नेऊन रात्रीं स्वतःच वाचून संपविलें! तें मला कां खालीं ठेववेना, हा प्रश्न पुढें पुष्कळ वर्षें सुटला नाहीं.

असल्या पुस्तकांचा मोठा बोभाटा अमेरिकेंत झाला. विल्यम गेन्स यांच्या ई. सी. कॉमिक्स या संस्थेनें १९५० पासून प्रेतांच्या व सूडाच्या कथा काढल्या. डॉ. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनीं १९५४ सालीं ग्रंथ लिहून बालगुन्हेगारीचें खापर चित्रकथांवर फोडलें. त्याच वर्षीं २१ एप्रिलला सेनेटच्या उपसमितीपुढें गेन्स यांची साक्ष झाली. एका हातांत कुऱ्हाड, दुसऱ्यांत स्त्रीचें तोडलेलें शिर, असें मुखपृष्ठ दाखवून सेनेटर केफॉव्हर यांनीं विचारलें, हें सुरुचीला धरून आहे काय? भयकथेच्या मुखपृष्ठापुरतें आहे, असें गेन्स म्हणाले, आणि लोकमताच्या दरबारीं तेथेंच हरले. प्रकाशकांनीं आचारसंहिता करून मथळ्यांत ‘हॉरर’ हा शब्दसुद्धां वर्ज्य ठरविला. वर्थम यांनीं मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते, हें उजेडांत यावयास मात्र २०१२ साल उजाडलें!

लहान मुलांच्या हातीं हीं पुस्तकें द्यावींत, असें मी म्हणत नाहीं. पण प्रौढ माणूस त्यांकडे कां ओढला जातो? भरतमुनींनीं भयानक व बीभत्स यांना रसांत स्थान दिलें आहे. तेवढ्यानें अर्धेंच उत्तर मिळतें. उरलेलें अर्धें मला ई. सी. च्याच ‘मास्टर रेस’ या १९५५ सालच्या आठ पानी कथेंत सांपडलें. नाझी छळछावणीचा एक माजी अधिकारी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत एका माणसाला पाहून दचकतो, पळत सुटतो आणि घसरून गाडीखालीं जातो. चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टीन यांनीं ते क्षण अरुंद चौकटींत चिरून चिरून लांबविले आहेत. सिनेमांत दृश्य आपणहून निघून जातें. येथें पान उलटणारा हात आपलाच असतो. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेंत जें घडतें, तेंहि आपणच मनांत घडवितों. वाचक नुसता साक्षीदार राहत नाहीं.

आर्ट स्पीगलमन यांनीं या कथेचा बारकाईनें अभ्यास केला होता. आपल्या पित्याची छळछावणीची कहाणी त्यांनीं ‘माउस’मध्यें उंदीर-मांजरांच्या रूपानें चितारली आणि १९९२ सालीं त्यांना विशेष पुलित्झर पारितोषिक मिळालें. जानेवारी २०२२ मध्यें टेनेसीच्या एका शाळा-मंडळानें अपशब्द व नग्न चित्र यांसाठीं तें पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमांतून काढून टाकलें. दहाहि मतें एका बाजूस पडलीं. चाळीस वर्षांपूर्वीं मी त्या मंडळावर असतों, तर अकरावा हात माझा असता.