शालेय जनरल रजिस्टर

शालेय जनरल रजिस्टर ही महाराष्ट्रातील शाळांमध्ये विद्यार्थ्याच्या प्रवेशाची व शाळा सोडल्याची नोंद ठेवणारी कायमस्वरूपी नोंदवही होय. तिला सर्वसाधारण नोंदवही, दाखल-खारीज रजिस्टर किंवा प्रवेश-निर्गम नोंदवही असेही म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदवहीवरून दिला जातो. विद्यार्थी शाळेतून गेल्यावरही नाव, जन्मतारीख व जात यांचा पुरावा म्हणून या नोंदीचा उपयोग अनेक दशके होत राहतो. पालघर जिल्ह्यातील कासा व भोवतालच्या डहाणू-तलासरी या आदिवासीबहुल भागात या नोंदवहीला विशेष महत्त्व आहे.

स्वरूप

प्रत्येक विद्यार्थ्यास प्रवेशाच्या वेळी एक रजिस्टर क्रमांक दिला जातो. त्यापुढे विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक आणि इयत्ता लिहितात. शाळा सोडल्याचा दिनांक, कारण आणि शेरा हे रकाने पुढे भरले जातात. प्रवेश अर्ज, जन्माचा दाखला आणि आधीच्या शाळेचा दाखला ही या नोंदीची आधारभूत कागदपत्रे असून ती रजिस्टर क्रमांकानुसार लावून ठेवल्यास नोंदीची पडताळणी सुलभ होते.

प्रवेश आणि कागदपत्रे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून बालकास प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ नुसार दाखला मिळण्यास झालेला विलंब हे प्रवेश लांबविण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. आधार क्रमांक नसल्यामुळे प्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. कागदपत्रांची पूर्तता आवश्यक असली, तरी तिच्यासाठी बालकाचा प्रवेश अडवून ठेवता येत नाही, असा या तरतुदींचा आशय आहे.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जातो.

जन्मतारखेची नोंद

पूर्वी ग्रामीण व आदिवासी भागात अनेक जन्म घरीच होत आणि त्यांची नोंदणी होत नसे. अशा वेळी शिक्षक अंदाजाने वय ठरवून १ जून ही तारीख लिहीत. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने ही तारीख सोयीची ठरे. त्यामुळे एकाच वर्गातील अनेकांची जन्मतारीख सारखीच आढळते. नोकरी व सेवानिवृत्ती यांसाठी पुढे तीच तारीख ग्राह्य धरली जाते.

जातीची नोंद

अनुसूचित जमातीच्या दाव्याच्या पडताळणीत वडील, आजोबा व अन्य रक्तनातेवाइकांच्या शालेय नोंदी तपासल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणी समिती व दक्षता पथक यांची कार्यपद्धती घालून दिली. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्रविषयक अधिनियम १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० हा मानीव दिनांक असल्याने त्यापूर्वीच्या नोंदींना अधिक पुरावामूल्य असते.

डहाणू व तलासरी तालुक्यांत वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, दुबळा, धोडिया आदी जमाती राहतात. रकान्यात नुसते ‘हिंदू’ किंवा ‘आदिवासी’ लिहिल्यास विशिष्ट जमात सिद्ध होत नाही, कारण अनुसूचीत जमातींची स्वतंत्र नावे आहेत. ‘कोळी मल्हार’ हे नाव अनुसूचीत आहे, केवळ ‘कोळी’ हे नाही. त्यामुळे एक शब्द गळाल्यास पुढच्या पिढीची शिष्यवृत्ती, राखीव प्रवेश किंवा नोकरी अडचणीत येऊ शकते.

स्थलांतर आणि नोंद

डहाणू-जव्हार मार्गावरील कासा परिसरात, तसेच लगतच्या तालुक्यांत, खरिपाची कामे आटोपल्यावर काही कुटुंबे वीटभट्टी व अन्य मजुरीसाठी स्थलांतर करतात. तलासरी तालुक्याची सीमा गुजरात व दादरा-नगर हवेलीला लागून असल्याने मुलांचे राज्याबाहेरही स्थलांतर होते. अशा मुलाचे नाव खारीज केल्यास तो शाळाबाह्य ठरण्याचा धोका असतो, तर दोन्ही शाळांत नाव राहिल्यास दुबार नोंद होते. स्थलांतरित बालकाचे शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावे यासाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड दिले जाते.

दुरुस्ती

रजिस्टरमधील नोंद मुख्याध्यापकास स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही. माध्यमिक शाळा संहितेनुसार नाव, जात किंवा जन्मतारीख बदलण्यासाठी पुराव्यासह अर्ज आणि शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता आवश्यक असते. उघड चुकांची दुरुस्ती विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतरही करता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. मूळ नोंद खोडून न टाकता ती वाचता येईल अशी ठेवणे आणि शेरा रकान्यात आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहिणे हितावह असते.

जतन व संगणकीकरण

जुन्या नोंदवह्यांपैकी काही मोडी लिपीत असून त्यांच्या वाचनासाठी लिपीतज्ज्ञाची मदत लागते. दमट हवा, वाळवी व पावसाची गळती यांमुळे कागद नष्ट होतो आणि जीर्ण झालेले पान त्या विद्यार्थ्यांचा एकमेव लेखी पुरावाही असू शकते. राज्यात २०१५ पासून ‘सरल’ आणि पुढे ‘यू-डायस प्लस’ या प्रणालींवर विद्यार्थ्यांची माहिती भरली जाऊ लागली. तरीही संगणकावरील नोंद आणि आधारवरील नाव यांत तफावत आढळल्यास ती तपासण्यासाठी मूळ जनरल रजिस्टरच पाहावे लागते.