आधी स्पर्श, मग बरं होणं

जबलपुरात पाद्री घडवणारं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. तिथे अभ्यासतात ते मार्काचं शुभवर्तमान उघडा. पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. येशू त्याला बरा करतो, पण त्याआधी हात लावतो. ज्याला शिवायचंच नाही, त्याला! मराठी बायबलात इथे 'कळवळा' हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्दाचं नातं आतड्याशी आहे. आपण 'आतडं तुटतं' म्हणतो ना, तेच.

हीच श्रद्धा घेऊन कॅनडाचे डॉक्टर विल्यम वानलेस आले. १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा. मिरजेत लोक मीरासाहेबांच्या दर्ग्यातही बरं व्हायला जात, म्हणजे श्रद्धा तिथे नवी नव्हती. वानलेसांनी प्रार्थनेला शस्त्रक्रियेची जोड दिली.

'औषधाच्या आडून धर्मांतर' हा आक्षेप जुनाच. मिशनचा हेतू प्रचाराचाही होता, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मिरजेला आलेले बहुतेक रोगी आपल्याच धर्मात राहून घरी परतले, आणि दार उघडंच राहिलं. पुढे वानलेसवाडीत आरोग्यधाम झालं, ते क्षयरोग्यांसाठी. त्यांच्याजवळ बसायला तेव्हा घरचेही भीत.