गळ, आमिष आणि काठ : इंग्लंडमधील कार्प-मासेमारीच्या साधनांचा इतिहास (१४९६–१९८७)

१

साधनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी साहजिकच दोन ठिकाणी वळते. एक कारखान्याकडे आणि दुसरी पेटंटच्या दप्तराकडे. या दोन्ही ठिकाणी नोंदी असतात, तारखा असतात आणि कोणाच्या तरी नावावर शोध जमा झालेला असतो. परंतु काही साधनांची घडण अशा जागी झालेली असते की जेथे दप्तर ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्लंडमधील तळ्यांच्या व संथ नद्यांच्या काठावर गळाने मासे धरणाऱ्यांची साधने या वर्गात मोडतात. त्यांतही कार्प या माशासाठी सिद्ध झालेली साधने इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत. हा मासा धरणे जवळजवळ अशक्य आहे, अशी समजूत तेथे दीर्घकाळ रूढ होती व त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी साधने बनवून विकण्यात कोणत्याही व्यापाऱ्याला लाभ दिसत नव्हता. जेथे बाजार नाही तेथे साधन वापरणाऱ्यालाच कारागीर व्हावे लागते. या परिस्थितीचा परिणाम काय झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील माशांचे दोन वर्ग मानले जातात. सामन, ट्राउट इत्यादी मासे ते ‘गेम’ आणि कार्प, टेंच, ब्रीम, रोच, पर्च, पाइक इत्यादी मासे ते ‘कोर्स’. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘भरड’ किंवा ‘हलके’ असा होतो. हा भेद केवळ प्राणिशास्त्राचा नव्हे. सामन व ट्राउट यांच्या नद्या बहुधा जमीनदारांच्या ताब्यात असत. उलटपक्षी कालवे, डबकी व मंद प्रवाह ही औद्योगिक शहरांतील कामकऱ्यांच्या वाट्याला आलेली जागा होती. १८७८ साली शेफील्डचे लोकप्रतिनिधी ए. जे. मंडेला यांच्या प्रयत्नाने जो कायदा संमत झाला, त्याने या हलक्या मानलेल्या माशांनाही प्रथमच विणीच्या काळात, १५ मार्च ते १५ जून, संरक्षण दिले. शेफील्ड हे पोलादी सुऱ्याकात्र्यांचे शहर असून तेथील कामगारांत गळाने मासेमारी करणाऱ्यांची संख्या मोठी होती, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे.

२

या विषयावरील इंग्रजीतील सर्वांत जुना मुद्रित ग्रंथ १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे छापला. तो शिकार, ससाणे व कुलचिन्हे यांवरील एका मोठ्या ग्रंथाचा भाग म्हणून प्रसिद्ध झाला. जुलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर तो चढविला जातो, परंतु त्याला सबळ पुरावा नाही. हा निबंध स्वतंत्र, स्वस्त पुस्तिका म्हणून का काढला नाही, याचे कारण ग्रंथातच दिलेले आहे : थोड्या पैशात तो रिकामटेकड्या लोकांच्या हाती पडला, तर ते मासेमारीचा नाश करतील. ज्ञान कोणाच्या हाती जावे, हा प्रश्न या विषयाच्या पहिल्या मुद्रित पानापासूनच उपस्थित झालेला दिसतो.

ग्रंथाचा हेतू उच्चवर्णीयांचा असला, तरी त्यातील साधनांची कृती मात्र पूर्णपणे हस्तोद्योगाची आहे. काठी हिवाळ्यात तोडावी; दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळावी व पाण्याच्या रंगाप्रमाणे ती रंगवावी; तरंगण्यासाठी बूच आणि बुडण्यासाठी शिसे लावावे. मिनो या चिमुकल्या माशाला एक केस पुरे, ब्रीम व टेंच यांना सहा, बार्बेलला नऊ, सामनला पंधरा, असे दोरीच्या जाडीचे प्रमाणही दिलेले आहे. गळ विकत घ्यावा असे हा ग्रंथ सांगत नाही. तो सुईपासून करावा असे सांगतो. लहान गळासाठी बारीक, तर मोठ्यासाठी शिंप्याची वा चांभाराची जाड सुई घ्यावी. ती विस्तवात लाल करून मऊ करावी. सुरीने उलटा दात उचलावा. मग वाकवून पुन्हा तापवून तिला पाणी द्यावे. पुढील काळात रेडिच या गावी सुया करणाऱ्या कारागिरांमधूनच गळांचा मोठा उद्योग उभा राहिला, ही गोष्ट या कृतीशी ताडून पाहण्याजोगी आहे. घरगुती सुई वाकविण्याच्या युक्तीत जो संबंध सूचित होता, तोच पुढे उद्योगाच्या रूपाने स्थिर झाला.

कार्पविषयी हा ग्रंथ थोडेच सांगतो. मासा रुचकर आहे, पण इंग्लंडात तो विरळा. त्याचे तोंड इतके बळकट की दुबळे साधन त्याला धरू शकत नाही. लाल गांडूळ व मिनो ही त्याची आमिषे. या उल्लेखाला आणखी एक महत्त्व आहे. आयझॅक वॉल्टन या लंडनच्या व्यापाऱ्याने १६५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात ग्रंथात कार्प इंग्लंडमध्ये आणण्याचे श्रेय ससेक्समधील मॅस्कल या गृहस्थाला दिले आहे. मॅस्कल हा सोळाव्या शतकातला. १४९६ च्या ग्रंथात माशाचा उल्लेख आहे, तेव्हा हे श्रेय टिकत नाही. मूळचा डॅन्यूब व काळ्या समुद्राच्या परिसरातील हा मासा मध्ययुगाच्या अखेरीस तळ्यांत पाळण्यासाठी इंग्लंडमध्ये आला, एवढेच निश्चयाने म्हणता येते.

वॉल्टनच्या काळी आमिषाचे शास्त्र बरेच पुढे गेलेले आढळते. गांडुळाबरोबरच गोड लगद्याला तो महत्त्व देतो. सशाचे वा मांजराचे मांस बारीक करून, कडधान्याचे पीठ व मध किंवा साखर घालून खलात कुटावे. गळावरून तो गोळा पाण्यात विरघळून जाऊ नये म्हणून त्यात थोडी लोकर मिसळावी. वर्षभर टिकवावयाचा असल्यास मेण घालावे. मासे एका जागी जमावेत म्हणून शेण, कोंडा, रक्त, कोंबड्यांची आतडी इत्यादी पदार्थ आधी पाण्यात टाकावेत. हे सारे करूनही कार्प मिळेलच असा भरवसा तो देत नाही. दिवसाला चार-सहा तास, असे तीन-चार दिवस बसूनही मासा आमिषाला शिवत नाही, असा अनुभव तो नोंदवितो. पुढील तीनशे वर्षे मासेमारांच्या मनावर ही निराशा अधिराज्य करीत राहिली.

३

निराशेचे कारण काही अंशी माशाच्या शरीररचनेत आणि काही अंशी साधनांत होते. कार्प आमिष गिळण्यापूर्वी ते ओठांनी ओढून घेतो, चाखतो आणि संशय येताच क्षणात बाहेर फेकतो. जड व टणक वस्तू अशी फेकण्याची त्याला सवय असते. शिवाय गळ लागलाच, तर तो शेवाळात व मुळांत शिरतो. घोड्याच्या केसानंतर प्रचारात आलेला रेशीमकिड्याच्या ग्रंथींचा तंतू स्पेनमधून येई. तो वापरण्यापूर्वी भिजवावा लागे, आणि मोठ्या माशाच्या ओढीपुढे त्याचा भरवसा धरता येत नसे. १९३८ साली नायलॉनची घोषणा झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या तंतूने रेशीमतंतूची जागा घेतली. तत्पूर्वी, १९०५ मध्ये, ब्रॅडफर्डचे कापडउद्योजक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर रिळाचे पेटंट घेतले होते. रीळ फिरत नाही. सूतगिरणीतील बॉबिनवरून सूत सुटावे तशी दोरी त्याच्या कडेवरून सुटते. सूतगिरणीतील ही कल्पना नदीकाठी आल्याने हलके आमिष दूर फेकणे प्रथमच सुलभ झाले. नायलॉन काय आणि रीळ काय, कोणतेही कार्पसाठी निर्माण झाले नव्हते. ती साधने त्या माशासाठी योजणे हे काम पुढे काठावरच्या माणसांनी केले.

या कामाचे केंद्र म्हणजे हेरफर्डशायरमधील रेडमायर हे लहानसे तळे. १९३४ साली तेथे कार्पची पिले सोडली गेली व पुढे बराच काळ त्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. इंग्लंडमधील सर्वांत मोठा ज्ञात कार्प तोपर्यंत २६ पौंडांचा, १९३० सालचा होता. १९५१ मध्ये रेडमायर येथे बॉब रिचर्ड्‌स यांना ३१ पौंड ४ औंसांचा मासा मिळाला. त्याच वर्षी लेखक ‘बी. बी.’, म्हणजे डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड, आणि रिचर्ड वॉकर यांच्या पुढाकाराने कार्प धरणाऱ्यांचे एक लहान मंडळ स्थापन झाले. १३ सप्टेंबर १९५२ रोजी पहाटेपूर्वीच्या अंधारात वॉकर यांनी याच तळ्यात ४४ पौंडांचा मासा धरला. तो मारला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला आणि तेथे तो १९७१ पर्यंत जगला.

वॉकर हे पेशाने अभियंते असून युद्धकाळात त्यांनी रडारसंबंधी काम केले होते. बाजारात कार्पजोगी काठी नव्हती, म्हणून त्यांनी चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या जोडून दहा फुटांची काठी स्वतः आखली व घडविली. मासा बाहेर काढण्यासाठी मोठी त्रिकोणी झोळी त्यांनी वापरात आणली. आमिष म्हणून पावाची कड आणि कणकेसारखा पावाचा लगदा यांची जोडी त्यांनी पसंत केली. कड तरंगते, लगदा बुडतो. दोहोंचे प्रमाण साधले की आमिष शेवाळावर अलगद टेकते. रात्रीच्या काळोखात बूच दिसत नाही, तेव्हा दोरीवर चंदेरी कागदाची घडी किंवा कणकेचा गोळा अडकवून त्याच्या हालचालीवरून मासा लागल्याचे ओळखीत. पुढे वॉकर यांनी दोरीच्या ताणाने विजेचे मंडल जुळून घंटा वाजेल असे उपकरण तयार केले. आर्ल्सी येथील खोल तळ्यातील पर्च माशांसाठी त्यांनी आखलेले, माथ्यावर फिरती कडी असलेले शिशाचे वजन आजही त्या गावाच्या नावाने ओळखले जाते. १९५३ च्या आपल्या ग्रंथात हे सारे त्यांनी खुलेपणाने मांडले. १४९६ च्या ग्रंथकाराला ज्ञान पसरण्याचे भय होते. येथे ते पसरविणे हेच उद्दिष्ट होते.

४

पुढील तीन दशकांत दोन गोष्टी घडल्या. पहिली आमिषासंबंधी. अर्धवट उकडलेला बटाटा, डब्यातील मक्याचे दाणे अशी स्वयंपाकघरातील आमिषे रूढ होत असताना १९६० नंतरच्या काळात फ्रेड विल्टन यांनी असे प्रतिपादन केले की, मासा आमिषाचे पोषणमूल्य ओळखतो आणि पोषक आमिषाकडे पुनःपुन्हा येतो. यासाठी दुधातील प्रथिने अंड्यांत मळून त्यांचे गोळे करीत व ते थोडा वेळ उकळीत. वरची साल कठीण होई व लहान मासे ती टोचू शकत नसत. ही कृती प्रथम मोजक्या मंडळींत गुप्त ठेवली गेली आणि १९८० नंतर मात्र तयार गोळ्यांचा एक मोठा व्यापारच उभा राहिला.

दुसरी गोष्ट गळासंबंधी. लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी घरच्या काचेच्या टाकीत कार्प आमिष कसे ओढतो व कसे फेकतो याचे निरीक्षण केले. गळ आमिषात रोवला की आमिष जड व ताठ होते आणि मासा ते ओळखतो. म्हणून त्यांनी गळ मोकळा ठेवला व आमिष त्याच्या शेजारी माणसाच्या केसाने लोंबते ठेवले. आमिष सहज आत जाते, त्याच्यामागून गळ जातो, आणि मासा फेकू लागताच गळ ओठात रुततो. १९८१ च्या सुमारास ही युक्ती प्रसिद्ध झाली आणि जगभर तिचा प्रसार झाला. १४९६ मध्ये घोड्याचा केस दोरीचे बळ म्हणून वापरला गेला होता. येथे माणसाचा केस त्याच्या दुबळेपणासाठी व लवचीकपणासाठी निवडला गेला.

तथापि या इतिहासाला सरळ प्रगतीचा इतिहास मानणे योग्य होणार नाही. १६ जून १९८० रोजी रेडमायर येथेच ख्रिस येट्स यांनी ५१ पौंड ८ औंसांचा कार्प धरला. त्यांचे आमिष मक्याचे तीन दाणे होते आणि काठी वॉकर यांच्या जुन्या आखणीची, बांबूची होती. काठावरच्या प्रत्येक युक्तीचा परिणाम हितकरच होता असेही नव्हे. पाच शतके निर्धास्तपणे वापरलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या पाण्यातील हंस खड्यांबरोबर गिळीत आणि विषबाधेने मरत, हे सिद्ध झाल्यावर १९८७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये अशा वजनांच्या विक्रीवर बंदी आली.

५

या विषयाचा भारतीय परंपरेशी संबंध जोडण्यास आधार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, काठी, दोरी व गळ यांचा विचार त्यात येतो. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्रजी ग्रंथाच्या साडेतीन शतके आधी, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या राजधानीत हे लेखन झाले, ही नोंद महत्त्वाची आहे. परंतु तोही राजाचा विनोद आहे. रोहू, कटला व मृगळ हे आपले मासे कार्पच्याच कुळातले. निलगिरीत १९३९ साली परदेशी कार्प आला आणि आज महाराष्ट्रातील मासळीबाजारात तो ‘सायप्रिनस’ या नावाने परिचित आहे. तथापि भीमा, कृष्णा व गोदावरीच्या काठी भोई व इतर मासेमारांनी सिद्ध केलेल्या आमिषांना व गळांना वॉल्टनही लाभला नाही आणि वॉकरही.

वरील विवेचनावरून निष्पन्न होणारा मुद्दा पद्धतीचा आहे. रेडिचचा उद्योग, इलिंगवर्थ यांचे पेटंट आणि नायलॉनचा कारखाना यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. वाकविलेली सुई, लोकर मिसळलेला लगदा, चंदेरी कागद आणि माणसाचा केस यांच्या नोंदी मात्र वापरणाऱ्यांनी स्वतः लिहिल्या म्हणूनच उरल्या. कार्प धरण्याची कला घडविण्यात दुसऱ्या वर्गाचा वाटा पहिल्याहून कमी नाही. वस्तू निर्माण करणारा एक आणि तिचे साधनात रूपांतर करणारा दुसरा. इतिहासाने दोघांचीही दखल घ्यावयास हवी. जेथे त्या दुसऱ्याने काही लिहून ठेवलेले नाही, तेथे तो वृद्ध असेपर्यंत त्याच्याकडे जाऊन त्याचे साधन पाहणे व त्याच्याच शब्दांत त्याची कृती टिपणे, एवढाच मार्ग अभ्यासकापुढे शिल्लक राहतो.