सिद्धगड ते उंबरखिंड: एका मुलखाचं स्मरण

कर्जत-खालापूरच्या इतिहासप्रेमी मंडळींचं वर्ष दोन तारखांभोवती फिरतं. २ जानेवारीला सिद्धगडचा बलिदान दिन आणि बरोबर महिन्याने, २ फेब्रुवारीला, उंबरखिंडीचा विजयदिन. दोन्ही थंडीतले. भात झोडपून झालेलं असतं, डोंगरवाटा कोरड्या असतात, माणसं मोकळी असतात.

आधी उंबरखिंड. खोपोली-पाली रस्त्यावर शेमडीचा फाटा लागतो, तिथून आत चावणी गाव. शायिस्ताखानाने उत्तर कोकण घ्यायला धाडलेला कारतलबखान लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने खाली उतरला, तो इथल्या जंगलात पुरता कोंडला गेला. पुढे वाट बंद, मागे वाट बंद, पाणी तुटलेलं. त्याच्याबरोबर माहूरची सरदारीण रायबागन होती. तिने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि सगळं सामान शिवाजी महाराजांच्या हवाली करून खान सुटला. तारीख २ फेब्रुवारी १६६१. मोठी फौज थोड्या माणसांनी अडवली, ती डोंगराच्या माहितीवर. म्हणून प्रतापगडाइतकंच हे नाव मुलांच्या तोंडी असायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

या लढाईचं सविस्तर वर्णन कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात आहे. त्या संस्कृत काव्याची पोथी मिळाली तंजावरला. सदाशिव महादेव दिवेकरांनी ती मराठी भाषांतरासह १९२७ मध्ये छापून आणली, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडून. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या या मंडळाचे आपल्या तालुक्यावर केवढे उपकार आहेत, हे चावणीच्या स्मारकापुढे उभं राहिलं की कळतं. पण पुस्तकात लढाई सापडली म्हणून जागा जागी होत नाही. त्यासाठी दरवर्षी तिथे जाणारी माणसं लागतात. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था आणि चावणी ग्रामपंचायत यांनी हे काम अंगावर घेतलं. आंबा नदीच्या काठी आज शस्त्रांचं शिल्प असलेलं स्मारक उभं आहे आणि विजयदिनाला आसपासच्या शाळांची मुलं, गावकरी, भटके तिथे जमतात. शिवदुर्गचेच कार्यकर्ते पावसाळ्यात घाटात अडकलेल्या, दरीत पडलेल्या माणसांना वर काढतात.

सिद्धगडाची गोष्ट जवळच्या काळातली, म्हणून जास्त बोचते. गड मुरबाड तालुक्यात आहे, पण तिथे पडलेली माणसं आपली. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल माथेरानचे, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. त्यांचे साथीदार हिराजी पाटील कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे. कोतवालांनी गावोगाव धान्यकोठ्या काढल्या, शेतकऱ्याला पावसाळ्यात सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. गावांत शाळा चालवल्या. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात दोघेही गेले. म्हणून मानवंदनाही पहाटेच असते; लोक अंधारात, कडाक्याच्या थंडीत डोंगर चढून येतात. भाषणांत मनोऱ्यांचा उल्लेख होतोच. धान्यकोठ्यांवरही तेवढंच बोललं जावं. दस्त्याला रानात भाकरी कुणी पोचवली, याचं उत्तर त्या कोठ्यांमध्ये आहे.

कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यांना मात्र अशी तारीख नाही. तिथे कण्हाचा शिष्य बालक याने ब्राह्मी अक्षरांत आपलं नाव कोरून ठेवलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कारागिराला कुणी मानवंदना देत नाही. हिवाळ्यातला एखादा रविवार त्याच्या नावाने ठेवायला काय हरकत आहे?

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. गडाचे नकाशे आहेत, फोटो आहेत. गडाच्या कुशीत राहणाऱ्यांची गाणी, औषधं, देवांच्या जागा, वाटांची नावं ज्यांना ठाऊक होती, त्यांतले कितीतरी जण त्या रात्री गेले.

कर्जत-खालापूरच्या संस्थांनी उत्सवांचा हंगाम कष्टाने उभा केला. आता नोंदींचा हंगाम धरायला हवा. पावसाळ्यात गडवाटा धोक्याच्या, तेव्हा डोंगर बंद ठेवावा आणि वह्या उघडाव्यात. राजवाडे दप्तरांसाठी घरोघर फिरले, तसं आपण वाड्या-पाड्यांत जावं. चौक, मानिवली, चावणी, प्रत्येक गावात दोन तरुणांनी दोन म्हाताऱ्यांपाशी बसावं, ऐकावं आणि तारीख घालून लिहून ठेवावं. त्या वहीची एक प्रत गावच्या शाळेत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी. सुरुवात येत्या ज्येष्ठातच करा.